पाकिटाच्या तोंडावर खरं छापा : अन्न सुरक्षा प्राधिकरणाला एका किराणा दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण (एफएसएसएआय),
एफडीए भवन, कोटला रोड, नवी दिल्ली.

विषय : साखर, मीठ आणि चरबी जास्त असलेल्या पाकीटबंद पदार्थांवर दर्शनी बाजूला इशाऱ्याची खूण छापण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी बार्शीत किराणा दुकान चालवतो. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. आपला परवाना गल्ल्यामागे काचेत लावलेला आहे, चौदा आकडी क्रमांकासकट. अन्न निरीक्षक आले की आधी तो बघतात, मग मांडणी, मग तारीख उलटलेला माल. ते त्यांचं काम, त्याबद्दल तक्रार नाही. आजवर आपल्याकडून सूचना यायच्या आणि आम्ही त्या पाळायचो. हे पत्र उलट दिशेने येतंय आणि ते जाहीर लिहितोय, कारण पाकीट फोडून खाणाऱ्या प्रत्येकाचा यात संबंध आहे.

माझं दुकान एका शाळेच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे आहे. २०२० साली आपण शाळकरी मुलांच्या सुरक्षित आणि सकस आहाराबद्दल विनियम काढले. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत, जास्त साखर, मीठ किंवा चरबी असलेले पदार्थ मुलांना विकू नयेत, त्यांची जाहिरातही करू नये, असं त्यात आहे. नियम चांगला आहे. माझीही मुलं त्याच शाळेत शिकली. मी तो पाळायला बसलो तेव्हा मात्र एक साधी अडचण आली : यातले पदार्थ कोणते, हे पाकिटावर कुठेच छापलेलं नाही. कंपन्यांचा माल पुरवणाऱ्या एजन्सीच्या सेल्समनला विचारलं, तर तो म्हणाला, "शेठ, असं कुणी विचारत नाही." मग संध्याकाळी दिव्याखाली चष्मा लावून एकेक पाकीट उलटं करून बघितलं. कुठे आकडे १०० ग्रॅमचे, शेजारी 'प्रति सर्व्हिंग'चे, म्हणजे एका वेळच्या वाट्याचे, आणि ती सर्व्हिंग कंपनीनेच ठरवलेली. सगळं इंग्रजीत. शेवटी अंदाजानेच काही माल पुढच्या मांडणीवरून मागे टाकला. ५० मीटरचा नियम आपण केलात, त्याची रेघ मारायला लागणारी खूण मात्र दिली नाहीत.

मागच्या बाजूचं बोलायला लागलो आहे तर ते पूर्ण करतो.

आपल्या लेबलिंगच्या विनियमांप्रमाणे मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला की पुरे; बाकीच्या भाषा ऐच्छिक. कंपन्या अर्थातच इंग्रजी निवडतात. पुढच्या बाजूला मात्र पदार्थाचं नाव मोठ्या अक्षरात, गव्हाच्या ओंब्यांचं चित्र, दुधाची धार, धावणारा मुलगा. दर्शनी भाग चित्रात बोलतो, तो सगळ्यांना कळतो. साखरेचा आकडा मागे इंग्रजीत असतो, तो माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना वाचता येत नाही आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना दिसत नाही. 'आट्याचं' म्हणून घेतलेल्या बिस्किटाच्या घटकांत पहिला मैदा असतो, दुसरी साखर, तिसरं पामतेल. घटक उतरत्या क्रमाने छापायचे असतात, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यात जास्त. हे मला धंद्यामुळे माहीत. घरात शुगरचा पेशंट असलेली बाई ते बिस्कीट विश्वासाने नेते.

त्याहून वाईट गोष्ट छोट्या पाकिटांची. ज्याचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, अशा पाकिटाला घटकांची यादी आणि पोषणाची माहिती छापण्यातून आपण सूट दिलेली आहे. ती माहिती बाहेरच्या मोठ्या खोक्यावर असली की चालतं. आता ते खोकं कुणाकडे असतं? माझ्याकडे. माल काढला की मी ते फोडून रद्दीत टाकतो. गोळ्या, चॉकलेटं, एक-दोन रुपयांच्या चिटुकल्या पुड्या ज्या माळेने टांगलेल्या असतात, त्या घेणारी गिऱ्हाइकं सगळ्यात लहान असतात. वयाने लहान आणि पैशानेही. त्यांच्यासाठीच माहिती शून्य. (पाच रुपयांच्या पुड्यातलं वजन वर्षानुवर्षं कसं उतरत गेलं, हा वैधमापनशास्त्र विभागाचा विषय आहे. त्यांना वेगळं पत्र लिहावं लागेल.)

हे सगळं सुधारायला काय लागतं, ते सरकारने, आपलं प्राधिकरण होण्याआधीच, एकदा करून दाखवलेलं आहे. २००१ साली पाकिटांवर शाकाहाराची हिरवी खूण सक्तीची झाली. चौकोनात हिरवा ठिपका. माझ्या दुकानात येणारी, अक्षरओळख नसलेली म्हातारी माणसं पाकीट उलटसुलट करून आधी तो ठिपका शोधतात. कुणी त्यांना शिकवलं नाही, कुणी शिबिरं घेतली नाहीत. मांसाहाराची तपकिरी खूण रंग न ओळखता येणाऱ्यांना हिरवीसारखीच वाटते म्हणून २०२० च्या विनियमांत आपण ती त्रिकोणी केलीत. इतका बारीक विचार झाला. मग 'यात साखर जास्त आहे' हे सांगणाऱ्या खुणेला एवढा वेळ का?

वेळ किती, ते मांडतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये आपण मसुदा काढलात, त्यात साखर, मीठ, चरबी मर्यादेबाहेर असेल तर दर्शनी भागावर लाल रंग दाखवायचा होता. २०१९ च्या मसुद्यातही ती कल्पना होती. २०२० मध्ये अंतिम विनियम आले, तेव्हा ती गळालेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये नवा मसुदा आला : लाल रंगाच्या जागी तारे. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. तेही सुरुवातीची चार वर्षं कंपन्यांच्या मर्जीवर. त्यावर सुमारे १४,००० हरकती आणि सूचना आल्या. ९ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत शिफारशी द्या म्हणून सांगितलं. मग मुदत वाढवून घेतली गेली. मधे, जुलै २०२४ मध्ये, साखर-मीठ-चरबीचे आकडे ठळक, मोठ्या अक्षरात छापायचा प्रस्ताव आपण मंजूर केला, तोही मसुदाच. २०१८ साली पहिलीत गेलेली मुलं आता हायस्कुलात आहेत.

ताऱ्यांबद्दल माझा विरोध नोंदवून ठेवा. त्या पद्धतीत साखरेचे वजा गुण होतात, पण फळं, सुकामेवा, भरडधान्य, तंतू, प्रथिनं यांचे अधिक गुण मिळून हिशेब वर येतो. नापास झालेल्या पोराला हस्ताक्षराचे गुण जास्तीचे देऊन पुढच्या वर्गात ढकलण्यातला प्रकार. शिवाय सगळ्यात वाईट पदार्थालाही अर्धा तारा मिळणारच, आणि आपल्याकडे तारा ही बक्षिसाची खूण आहे. हॉटेलला तारे असतात. दोन तारे असलेला पुडा पाहून माझं गिऱ्हाईक म्हणेल, "बरा दिसतोय." कंपन्यांना तारे का आवडले, ते मला दुकानदार म्हणून लगेच कळलं.

आता खऱ्या तक्रारीकडे येतो. गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी जे थोडंफार खरं बोलायला सुरुवात केली, ते बहुतेक वेळा बाहेरून कुणीतरी गळा धरल्यावर. आपलं काम नागरिकांनी करायचं आणि आपण मागाहून शिक्का मारायचा, असं चाललंय.

एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर एक छोटा व्हिडिओ केला. कंपनीने वकिलाची नोटीस पाठवली, त्याने माफी मागून व्हिडिओ काढला. पण तोवर तो घराघरांत पोचला होता. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने कंपनीला नोटीस काढली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात १०० ग्रॅममागे वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आली. आणि एप्रिल २०२४ मध्ये आपण ऑनलाइन दुकानांना सांगितलं की माल्टवाली पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून मांडू नका, कारण कायद्यात असा प्रकारच नाही. कायदा २००६ चा आहे. अठरा वर्षं त्या डब्यांनी माझ्या वरच्या फळीवर मानाने जागा अडवली होती आणि आया त्यांच्यासाठी दुसरी खरेदी कमी करायच्या. नसलेला प्रकार आपल्याला २०२४ मध्ये दिसला.

ओआरएसची कहाणी याहून गंभीर आहे, कारण तिथे तहानलेलं, हगवण लागलेलं लेकरू होतं. ओआरएस म्हणजे काय, हे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलंय : लिटरभर पाण्याला २०.५ ग्रॅमची पुडी, त्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, बाकी क्षार. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या साथीत माणसं वाचवली, तेव्हापासून हे औषध गरिबाचं औषध म्हणून ओळखलं जातं. आणि आपल्याकडे त्याच तीन अक्षरांखाली गोड पेयांची टेट्रापॅक विकली गेली. साखर प्रमाणाबाहेर झाली की हगवण थांबायच्या ऐवजी वाढते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध आठ वर्षं झुंज दिली, तेलंगण उच्च न्यायालयात गेल्या. एप्रिल २०२२ मध्ये आपण अशा नावाला मनाई केलीत. जुलै २०२२ मध्ये तीच परवानगी परत दिलीत, 'हे ओआरएस नाही' अशी ओळ छापायच्या अटीवर. पुढे ठळक ओआरएस आणि खाली बारीक 'हे ओआरएस नाही'! ही अट सुचवणाऱ्याने कधी किराणा दुकानात उभं राहून बघितलं असतं, तर लाज वाटली असती. १४ ऑक्टोबर २०२५ ला आपण ती परवानगी मागे घेतली, तेव्हा कंपन्या पडून असलेला माल विकू द्या म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. तीन वर्षं आणि तीन महिने. या काळात कितीजणांनी ते पॅक कुठल्या लेकराला पाजलं, याचा हिशेब कुणाकडेही नाही.

फळांच्या रसाच्या खोक्यांवरचं '१०० टक्के फळांचा रस' जून २०२४ मध्ये काढायला लावलंत, ते चांगलं केलंत. नेस्ले कंपनीच्या लहान बाळांच्या तृणधान्याच्या आहारात भारतात साखर आणि स्वित्झर्लंडमध्ये नाही, हे एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने आणि बालआहाराच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी बाहेर काढलं. ऑक्टोबरात त्याच कंपनीने भारतात साखर न घातलेले प्रकार आणले. म्हणजे जमतं. करायचं ठरलं की सहा महिन्यांत जमतं. उलटचं उदाहरणही आपलंच आहे : ए१-ए२ (दुधातल्या प्रथिनाचे दोन प्रकार) दुधाचे दावे पाकिटावरून काढा, असा आदेश २१ ऑगस्ट २०२४ ला निघाला आणि २६ ऑगस्टला मागे घेतला गेला. पाच दिवसांत काय बदललं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

ही परंपरा नवी नाही, हे मान्य. ग्राहक पंचायत पुण्यात १९७४ ला बिंदुमाधव जोशींनी उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत झाली. घाऊक खरेदी करून सभासदांच्या घरी माल पोचवायला लागले. माझ्या वडिलांच्या पिढीतले दुकानदार त्यांच्यावर खार खाऊन असायचे, कारण त्यांनी मधला दुकानदारच गाळला होता. पण वजनात मारायची सवय कितीजणांची सुटली, ती त्यांच्यामुळे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला, तोवर या माणसांनी दहा-बारा वर्षं घालवलेली होती. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने कोल्ड्रिंकमध्ये कीटकनाशकं सापडल्याचं सांगितलं. कंपन्यांनी आरडाओरडा केला, शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि २००४ च्या अहवालात समितीने संस्थेचे निष्कर्ष बरोबर ठरवले. आपलं प्राधिकरण ज्या कायद्याने झालं, तो त्यानंतर दोन वर्षांनी आला. नागरिक दार वाजवतात, मग घर बांधलं जातं, इथपर्यंत ठीक. घर बांधून, माणसं नेमून, परवान्याची फी घेऊन झाल्यावरही नागरिकांनीच राखण करायची, हे मात्र पटत नाही.

आणि या मोहिमांची एक वाईट बाजूही मला रोज दिसते, ती लपवत नाही. अधिकृत खूण नसली की ती जागा अफवा भरून काढतात. प्लास्टिकचा तांदूळ आला म्हणून २०१७ मध्ये माझ्याकडे लोक भाताचे गोळे भिंतीवर आपटून बघत होते. फोनवर कुणी म्हणतो अमुक तेल विष, कुणी म्हणतो मीठ विष, आणि विष म्हणणारा स्वतःचंच घाण्याचं तेल विकत असतो. गिऱ्हाईक फोन माझ्या नाकासमोर धरतं. मी काय सांगणार? दुकानात सरकारने ठरवलेलं, सगळ्या पाकिटांना सारखं लागू असलेलं काही असतं, तर मी बोट दाखवून मोकळा झालो असतो. एका डॉक्टरबाईंनी आठ वर्षं लढावं आणि एका भंपक माणसाचा व्हिडिओ एका रात्रीत गावभर व्हावा, या दोन्ही गोष्टी एकाच रिकाम्या जागेतून येतात.

कंपन्यांच्या हरकती मला ठाऊक आहेत. एजन्सीच्या मीटिंगांत त्या कानावर येतात.

पहिली म्हणजे, रॅपर बदलायला वेळ लागतो, छापून ठेवलेला माल वाया जातो. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले आणि २२ सप्टेंबरपासून लागू झाले. बिस्किटं, फरसाण, चॉकलेटं पाच टक्क्यांवर आली. एकोणीस दिवस. जुन्या मालासाठी सरकारने सवलत दिली, हे खरं. पण काही आठवड्यांत माझ्याकडे नव्या किमतीचे आणि त्याच किमतीत जास्त वजनाचे पुडे यायला लागले, वर 'जास्त ग्रॅम' असं ठळक छापून. क्रिकेटचा मोसम आला की रॅपर बदलतं, दिवाळी आली की बदलतं, सिनेमा आला की बदलतं. एक काळी खूण छापायलाच तेवढा वेळ लागतो.

दुसरी हरकत : आपले पारंपरिक पदार्थ बदनाम होतील, लोणची-पापडांवर लाल खूण येईल. येऊ द्या की. लोणच्यात मीठ असतं हे कुणाच्याही आजीला माहीत आहे, म्हणून ती ताटात डावीकडे चिमूटभर वाढायची. बचत गटाच्या बायकांचं लोणचं मी विकतो, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्या लोणच्याला कोण हेल्थ ड्रिंक म्हणून विकतंय?" पापडाच्या आडून शिरायचा प्रयत्न वेगळेच करतात.

तिसरी, की लोक खूण बघून थोडेच थांबणार आहेत. चिलीने २०१६ मध्ये काळे अष्टकोन छापायला लावले, मुलांना उद्देशून जाहिरातीही रोखल्या. पहिल्या टप्प्यात अशी खूण असलेल्या गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. मेक्सिकोने २०२० मध्ये तेच केलं. आपल्या देशात सिगारेट-तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्राचा इशारा एप्रिल २०१६ पासून आहे. धंदा बुडेल म्हणून तेव्हाही ओरड झाली होती. माझा धंदा बुडाला नाही.

आणि गरज आहे की नाही, हा प्रश्न तर राहिलेलाच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत २०२३ मध्ये देशात १०.१ कोटी मधुमेही निघाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये म्हटलं की देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं सदोष आहाराचं आहे. उधारीच्या वहीत पूर्वी साखर, चहा, रवा लिहायचो. आता त्याच घरांच्या नावावर शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठीही मेडिकलवाला मला दाखवतो, कारण तिथली बाकी द्यायला पैसे माझ्याकडून उसने नेले जातात. माझं नातं एवढं आतलं आहे, म्हणून हे पत्र.

एक तक्रार निव्वळ आम्हा दुकानदारांची. नमुना माझ्या मांडणीवरून उचलला जातो, पंचनाम्यावर सही माझी, तारखेला जायचं मी. लेबल छापलेलं असतं दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात. आपल्या कायद्यात चुकीच्या लेबलाला तीन लाखांपर्यंत आणि फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. दुकानदाराचं त्यात घर जातं. कंपनीला तो एका जाहिरातीतल्या नटाच्या दुपारच्या जेवणाइतका लागत नाही.

तेव्हा मागण्या अशा.

ताऱ्यांचा मसुदा रद्द करा आणि त्याजागी इशाऱ्याची खूण आणा : साखर जास्त, मीठ जास्त, चरबी जास्त, प्रत्येकीची वेगळी, पाकिटाच्या दर्शनी भागावर, आणि खुणेशेजारचा मजकूर ज्या राज्यात माल विकला जातो तिथल्या भाषेत. मर्यादा १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरवर ठरवा. सर्व्हिंगचा खेळ त्यात नको. मर्यादा कुणी ठरवायच्या, तर पोषणशास्त्रज्ञांनी. ज्या समितीत कंपन्यांचे लोक बसतात तिने नव्हे.

पहिल्या दिवसापासून सक्तीची करा. चार वर्षं ऐच्छिक ठेवलेली गोष्ट पाचव्या वर्षी पुन्हा मसुदा होते, हे २०१८ पासून पाहिलेलं आहे.

छोट्या पुड्यांना या खुणेतून सूट देऊ नका. ठिपका लहान करा हवा तर, पण तो गोळीच्या कागदावरही असू द्या.

ज्या पाकिटावर अशी खूण आहे, त्यावर ताकद, उंची, बुद्धी, प्रतिकारशक्ती यांचे दावे आणि कार्टूनची चित्रं बंद करा. ५० मीटरचा नियम याच खुणेशी जोडा, म्हणजे मला अंदाज करावा लागणार नाही.

कंपन्यांसोबतच्या बैठकांचं इतिवृत्त जाहीर करा : कोण आलं होतं, काय मागितलं, काय दिलंत. २०२० मध्ये लाल रंग का गळाला, जुलै २०२२ ला ओआरएसची परवानगी का परतली, ए२ चा आदेश पाच दिवसांत का फिरला, या तीन प्रश्नांची उत्तरं त्यात पहिली असावीत.

खोटा दावा सिद्ध झाला तर दुरुस्तीची जाहिरात मूळ जाहिरातीएवढ्याच आकाराची, त्याच वेळेला, त्याच वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीच्या फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात माफीनामा जाहिरातींएवढाच मोठा आहे का, असं विचारलं होतं. तो प्रश्न नियम म्हणून लिहून ठेवा. आणि लेबलाची पहिली नोटीस लेबल छापणाऱ्याला जाऊ द्या; सीलबंद पाकीट आहे तसं विकणाऱ्याला साक्षीदार करा.

वाचकांना, म्हणजे माझ्या आणि इतर दुकानांतल्या गिऱ्हाइकांना, एवढीच विनंती : फसवा दावा दिसला तर पाकिटाचा दोन्ही बाजूंचा फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. फोनवर पुढे पाठवून काही होत नाही, क्रमांकाने होतं. दुकानदाराशी भांडू नका, त्यालाही सही करायला लावा. मी करीन.

आम्ही काही दुकानदारांनी आपापल्या फळ्यांवर पुठ्ठ्याच्या पाट्या लावायचं ठरवलं आहे : १०० ग्रॅमला साखर किती, मराठीत, पाकिटावरच्याच आकड्यावरून. पाकिटाला हात लावत नाही, त्यावर काही चिकटवत नाही, कारण तसं केलं तर गुन्हेगार आम्हीच ठरू. एका एजन्सीने डिस्प्लेचे, म्हणजे माल दर्शनी मांडण्याबद्दल मिळणारे, पैसे बंद करू असं सुचवून पाहिलं आहे. पाट्या राहतील. आपल्या खात्याच्या दृष्टीने यात काही बेकायदेशीर असेल, तर कलमासकट लेखी कळवावं. नसेल, तर तसंही लेखी कळवावं, म्हणजे एजन्सीला दाखवता येईल.

कळावे,

आपला परवानाधारक,
एक किराणा दुकानदार, बार्शी, जि. सोलापूर

प्रत माहितीसाठी :
१) मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
२) केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली
३) पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या सर्व कंपन्या, आपापल्या सेल्समनमार्फत